गिल्बर्टो सिल्व्हा : विश्वविजेता, अजिंक्य, आणि तरी कुणाच्या यादीत नाही

मधलीफळी

२००२ चा फुटबॉल वर्ल्डकप जिंकलेला ब्राझीलचा संघ आठवा म्हटलं की रोनाल्डो, रिव्हाल्डो, रोनाल्डिन्हो एका दमात बाहेर पडतात. पाठोपाठ काफू आणि रॉबर्टो कार्लोस. जरा डोकं खाजवलं की लुसिओ. पुढे गाडी अडते. त्या स्पर्धेतले सातही सामने जो सुरुवातीपासून खेळला तो माणूस बहुतेकांना शेवटी आठवतो, नाहीतर आठवतच नाही. दोन वर्षांनी लंडनच्या आर्सेनल क्लबाने अख्खा मोसम एकही सामना न हरता इंग्लंडची लीग जिंकली, त्या संघातही हा होताच. तिथेही हेन्री, व्हिएरा, बर्गकॅम्प, पिरेस अशी माळ ओढून झाली की लोक थांबतात.

तर हा धागा गिल्बर्टो सिल्व्हाचा. क्रिकेटवाल्यांनी पाच मिनिटं कळ काढावी.

जन्म ७ ऑक्टोबर १९७६, मिनास जेराईस राज्यातलं लागोआ दा प्राता हे गाव. वडील लोहार. फुटबॉल लहानपणापासून होता, पण आई आजारी पडली तेव्हा खेळ बाजूला ठेवून पोरगा गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात कामाला लागला. ब्राझीलचे पोरगे सतराव्या-अठराव्या वर्षी युरोपातल्या क्लबांच्या डोळ्यांत भरतात, त्या वयात हा पाळीवर जायचा. १९९७ साली बेलो होरिझोंटेच्या अमेरिका मिनेइरो क्लबातून खरी सुरुवात झाली आणि त्याच वर्षी त्या क्लबाने ब्राझीलची दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकली. २००० मध्ये त्याच शहरातल्या अॅटलेटिको मिनेइरोत गेला. राष्ट्रीय संघाचा शर्ट अंगावर आला २००१ च्या ऑक्टोबरात, चिलीविरुद्धच्या वर्ल्डकप पात्रता सामन्यात. म्हणजे वय पंचवीस. ब्राझीलच्या हिशोबात हे उशिराच.

वर्ल्डकपला निवड झाली ती राखीव म्हणूनच. मधल्या फळीत बचावाची जागा कप्तान एमर्सनची होती. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी सराव संपताना एमर्सन गंमत म्हणून गोलात उभा राहिला, एका चेंडूवर झेपावला आणि खांदा निखळला. स्पर्धा संपली त्याची. कप्तानीचा पट्टा काफूकडे गेला आणि मधली जागा गिल्बर्टोकडे.

आता प्रशिक्षक स्कोलारीची मांडणी आठवा. मागे तीन जण: लुसिओ, एडमिल्सन, रोके ज्युनियर. दोन्ही कडांना काफू आणि रॉबर्टो कार्लोस, दोघांचाही मागे थांबण्याशी फारसा संबंध नाही. पुढे तीन ‘आर’ (रोनाल्डो, रिव्हाल्डो, रोनाल्डिन्हो), त्यांचा तर अजिबातच नाही. एडमिल्सनलाही मधूनच चेंडू घेऊन पुढे निघायची सवय. आधी जुनिन्हो पॉलिस्टा आणि इंग्लंडच्या सामन्यापासून क्लेबर्सन मध्ये होते, पण त्यांचंही तोंड पुढेच. एवढं सगळं वाहून चाललं असताना मध्ये एकच माणूस गाळलेल्या जागा भरत उभा. ब्राझीलने सात सामन्यांत १८ गोल केले हे सगळे सांगतात. खाल्ले फक्त ४, हे कुणी सांगत नाही. त्यातले दोन तर कोस्टा रिकाच्या सामन्यात, तोवर पुढची फेरी नक्की झाली होती.

जपानमधल्या शिझुओकातला इंग्लंडविरुद्धचा सामना मी हल्लीच पुन्हा पाहिला. इंग्लंडचा गोलकीपर सीमनच्या डोक्यावरून गेलेली रोनाल्डिन्होची फ्रीकिक जगाने लाख वेळा पाहिली. त्यानंतर सातच मिनिटांत, ५७ व्या मिनिटाला, रोनाल्डिन्होला लाल कार्ड मिळालं. पुढचा अर्धा तास दहा जणांनी २-१ राखायचे होते. बेकहॅम, स्कोल्स, ओवेन समोर. आणि इंग्लंडला धड संधी मिळत नाही! एकदा त्या अर्ध्या तासात चेंडूकडे न बघता फक्त गिल्बर्टोकडे बघा. स्कोल्सने मान वर करायच्या आत हा त्याच्या आणि ओवेनच्या मधल्या रेषेत येऊन उभा. टॅकल करतच नाही बऱ्याचदा. नुसता उभा राहतो, समोरचा मागे पास देतो, हा दोन पावलं सरकतो. पुन्हा तेच.

उपांत्य सामन्यात तुर्कस्तानविरुद्ध रोनाल्डोने बुटाच्या टोकाने ढोसून एकमेव गोल केला ना, त्याला डावीकडे चेंडू दिला तोही यानेच. तो पास कुठल्या क्लिपमध्ये पूर्ण दिसत नाही, कारण क्लिप चेंडू रोनाल्डोकडे आल्यावरच सुरू होते!

आर्सेनलने त्याच ऑगस्टात ४५ लाख पौंडांना घेतला. कम्युनिटी शील्डमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मोसमाआधीच्या चषक सामन्यात, बदली म्हणून आला आणि लिव्हरपूलविरुद्ध सामन्यातला एकमेव गोल करून बसला. सप्टेंबरात आइंधोव्हनला पीएसव्हीविरुद्ध २०.०७ सेकंदांत गोल. चॅम्पियन्स लीगमधला तेव्हाचा सर्वांत वेगवान गोल, विक्रम २००७ मध्ये बायर्नच्या मकायने मोडला. आणि हा माणूस गोल करण्यासाठी घेतलेला नव्हता, बरं का.

माझं म्हणणं इतकंच, की त्या दोन्ही संघांना लोक ‘आक्रमक’ म्हणतात, आणि तो आक्रमकपणा परवडला तो ह्या एका जागेमुळे. ज्यांना पटत नाही त्यांनी यावं.

---

पंचगंगाकाठी

पहिला नंबर आमचा! भावा, नाद खुळा धागा.

त्या वर्ल्डकपच्या मॅचा आपल्याकडे भर दुपारच्या. इंग्लंडची बाराला सुरू झालेली, वार शुक्रवार. कोल्हापुरात त्या दिवशी किती जणांनी काय काय कारणं सांगून घर गाठलं त्याचा हिशोब नाही. आमच्या पेठेत ब्राझील आणि अर्जेंटिना अशी उभी फूट, अर्जेंटिनावाले गटातच बाहेर पडलेले, त्यामुळे ते सगळे त्या दिवशी इंग्लंडच्या बाजूने. गल्लीत भांडण राहिलं बाजूला, टीव्ही दोन ठिकाणी लागले.

पण गिल्बर्टो? प्रामाणिकपणे सांगतो, एकानंही त्याचं नाव घेतलं नसंल. शाहू स्टेडियमवर असा खेळणारा पोरगा असला की गॅलरीतनं एकच आरोळी, “अरं पुढं जा की, काय बघत बसलाईस!” आणि तो पुढं गेला आणि मागनं गोल बसला की तीच गॅलरी, “हाफ कुठं हाय?”

---

जुनाजाणता

चांगला विषय काढलात. पण ‘कुणाच्या लक्षात नाही’ हे ब्राझीलमध्ये या जागेचं प्राक्तनच आहे, एकट्या गिल्बर्टोचं नव्हे.

१९७० च्या अंतिम सामन्यात कार्लोस अल्बर्टोचा चौथा गोल लोक डोक्यावर घेऊन नाचतात. त्या चालीच्या सुरुवातीला याच जागेवरच्या क्लोडोआल्डोने आपल्याच अर्ध्या भागात चार इटालियनांना चकवून चेंडू पुढे काढला होता. तोच क्लोडोआल्डो पूर्वार्धात टाचेने पास द्यायला गेला आणि बोनिनसेन्याने बरोबरीचा गोल केला. या जागेवरच्या माणसाची चूक पटकन दिसते, काम दिसत नाही.

१९९० ला अर्जेंटिनाच्या मॅराडोना आणि कॅनिजियाने बाहेर काढलं तेव्हा तिथल्या लोकांनी त्या सगळ्या कंटाळवाण्या काळालाच मधल्या फळीतल्या डुंगाचं नाव चिकटवलं. चार वर्षांनी त्याच डुंगाने कप्तान म्हणून कप उचलला. त्याच्या शेजारी खेळायचा मौरो सिल्व्हा. माझ्या मते या जागेवर ब्राझीलचा गेल्या चाळीस वर्षांतला सर्वोत्तम माणूस तो, गिल्बर्टो नव्हे. १९९४ च्या अंतिम सामन्यात त्याने लांबून मारलेला फटका इटलीचा गोलकीपर पाल्युकाच्या हातातून सुटला, खांबावर आदळून परत त्याच्याच हातात आला. पाल्युकाने खांबाचं चुंबन घेतलं. लोकांना चुंबन आठवतं, फटका कुणाचा होता ते विचारा बरं.

---

आडवातिडवा

धागा आवडला, पण मला हे भक्तिपर लिखाण जरा जास्त होतंय.

१) सात सामन्यांत ४ गोल खाल्ले यात तीन सेंटरबॅक आणि गोलकीपर मार्कोसही होते. सगळं श्रेय एकाच्या खात्यावर का?

२) आर्सेनल प्रेमी नेहमी तो २००४-०५ चा पुरावा काढतात, की हा पाठीला फ्रॅक्चर होऊन महिनोन्‌महिने बाहेर बसला आणि संघ ढासळला. येणारच आहे तो पुढच्या प्रतिसादात, म्हणून आधीच सांगतो. त्या मोसमात गोलकीपर लेहमनला बसवून अलमुनियाला खेळवलं, सेंटरबॅक कॅम्पबेलही जायबंदी झाला. भोकं चारी बाजूंनी होती.

३) २०१० चा वर्ल्डकप. तेव्हा कुठे गेली ती भिंत?

---

टॉटनहॅमी

नाव बघूनच कळलं असेल मी इथे कशाला आलो, टॉटनहॅम म्हणजे आर्सेनलचे शेजारी आणि जुने वैरी. ८७ गोल मारून तो संघ दुसरा आला, याला ढासळणं म्हणतात का? आमच्याविरुद्ध ५-४ जिंकले होते त्या मोसमात. ढासळलेला संघ आमच्याकडेच होता.

---

मधलीफळी

@आडवातिडवा, आलोच.

आकडे असे. २००३-०४ : ३८ सामने, २६ विजय, १२ बरोबरी, गोल केले ७३, खाल्ले २६. गिल्बर्टो ३२ सामने खेळला. २००४-०५ : गोल केले ८७, खाल्ले ३६. टॉटनहॅमीभाऊंनी सांगितलेला तो ५-४ चा सामना त्यातलाच, त्यात गिल्बर्टो नव्हता. गोल चौदा जास्त केले आणि तरी लीग गेली. चेल्सी ९५ गुणांवर, हे ८३ वर.

लेहमन-अलमुनिया मुद्दा मान्य, पण क्रम बघा. ४९ सामन्यांची न हरण्याची मालिका ऑक्टोबर २००४ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डला तुटली आणि नोव्हेंबरचा ५-४, हे दोन्ही लेहमन गोलात असतानाच. मधल्या फळीत व्हिएराबरोबर एदू, फॅब्रेगास, फ्लामिनी आलटून पालटून. तिघेही गुणी, पण तिघांनाही चेंडू हवा असायचा. गिल्बर्टोला नको असायचा, हीच तर गोम होती.

एकट्यामुळे झालं असं मी म्हणतच नाही. एका जागेमुळे म्हणतोय.

---

मेघना_पु

मी फुटबॉल फक्त वर्ल्डकपपुरता बघते, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. “जागा भरतो” म्हणजे नक्की काय करतो? गोलकीपरचं कळतं, गोल मारणाऱ्याचं कळतं, बॅकचंही कळतं. हा मधला माणूस नव्वद मिनिटं करतो काय?

---

मधलीफळी

मेघनाताई, उत्तम प्रश्न. अजिंक्य आर्सेनलचंच उदाहरण घेऊ.

कागदावर चार बॅक, चार मधले, दोन पुढचे. प्रत्यक्षात डावी बाजू कशी चालायची? हेन्री मध्ये उभा न राहता डावीकडे सरकायचा. पिरेस डावीकडचा, पण तो आत घुसायचा. मग कडेची मोकळी पट्टी धरून ॲशली कोल, म्हणजे लेफ्टबॅक, सुसाट वर. आता समजा तिथे चेंडू गेला. कोल समोरच्याच्या गोलाजवळ, पिरेस मध्ये, व्हिएराही स्वभावाप्रमाणे पुढे निघालेला. मागे डावीकडे हा एवढा मोठा माळ मोकळा.

गिल्बर्टोचं काम चेंडू जायच्या आधीच सुरू होतं. कोल निघाला हे दिसताच तो मधून डावीकडे तिरका सरकतो. सेंटरबॅकला जागा सोडावी लागत नाही. समोरच्याने लांब चेंडू टाकला तर तिथे हा आधीच उभा. तो बघून समोरचा चेंडू टाकतच नाही, दुसरीकडे वळतो. तेवढ्यात कोल परत आला. टीव्हीवर काहीच घडलं नाही.

लग्नघरात कोठीघराची किल्ली ज्याच्याकडे असते तो मामा फोटोत नसतो, पण तो अर्धा तास कुठे गेला की पंगत बसत नाही. तसं.

दुसरं, चेंडू मिळाल्यावर तो काय करतो. दोन स्पर्श, जवळच्या मोकळ्या माणसाला पास. सोपं वाटतं. त्या क्षणी मोह असतो लांब पास टाकण्याचा, एखाद्याला चकवण्याचा. तो सामन्यागणिक पन्नास वेळा आवरायचा. मला विचाराल तर सगळ्यात अवघड भाग हाच. आणि तिसरं, फाऊल. या जागेवरचे लोक सहसा पिवळ्या कार्डांचे धनी असतात. हा अंगावर न जाता वाट अडवायचा.

---

मेघना_पु

आता कळलं. आज रात्री तो इंग्लंडचा सामना शोधते. कोठीघराच्या मामाला बघायला.

---

सासष्टीकर

गोंयचो नमस्कार! आमच्याकडे वर्ल्डकपच्या महिन्यात ब्राझील आणि पोर्तुगालचे झेंडे घराघरावर, त्यामुळे या धाग्यावर न येऊन सांगतो कुणाला.

२००२ च्या त्या मागच्या तिघांमधला लुसिओ आम्ही फातोर्ड्याला प्रत्यक्ष बघितला. २०१५ ला एफसी गोवाकडून खेळला, प्रशिक्षक झिको. पाय थकले होते, पण एक गोष्ट तशीच : चेंडू मिळाला की मान वर करून सरळ पुढे निघायचा, सेंटरबॅक असून! स्टेडियम उठून उभं राहायचं आणि माझ्या पोटात गोळा. तो निघाला की मागे कोण? २००२ मध्ये मागे कोण होतं हे तेव्हा डोक्यात आलं. आमच्याकडे तसा कोणी नव्हता रे बाबा.

त्या वर्षीची इंडियन सुपर लीगची फायनल घरच्याच मैदानावर २-३ हरलो चेन्नईनशी. चेन्नईनचा कप्तान कोण, तर एलानो. म्हणजे २०१० ला गिल्बर्टोच्या पुढे खेळणारा. त्या सामन्यावर मी बोलत नाही, जखम ताजीच आहे.

---

थेम्सकाठचा

लंडनमध्ये राहतो, आर्सेनलच्या मॅचेस परवडतील तेव्हा बघतो, म्हणजे क्वचित.

एक बाजू कुणी मांडली नाही. गिल्बर्टोचे सगळ्यात मोठे मोसम व्हिएरा असतानाचे नव्हेत, व्हिएरा गेल्यानंतरचे आहेत. २००५ च्या उन्हाळ्यात व्हिएरा युव्हेंटसला गेला. मधल्या फळीत राहिले कोण, तर गिल्बर्टो आणि अठरा वर्षांचा फॅब्रेगास. आर्सेनलचा प्रशिक्षक वेंगरला वेड लागलंय असं इथल्या पेपरांत येत होतं. त्या जोडीने चॅम्पियन्स लीगमध्ये रिअल माद्रिद, मग युव्हेंटस, मग व्हिलारेआल असे एकेक काढले. ओळीने दहा सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. युव्हेंटसच्या मधल्या फळीत व्हिएराच होता, आर्सेनलच्या जुन्या हायबरी मैदानावर परत आला आणि पोराने त्याला पळवून पळवून दमवला. त्या पोराला एवढं मोकळं सोडता आलं, कारण मागे कोण होता ते सांगायला नको. पॅरिसची फायनल लेहमनच्या लाल कार्डाने गेली, तो वेगळा विषय.

पुढच्याच मोसमात नवं स्टेडियम. एमिरेट्सवरच्या पहिल्या लीग सामन्यात ॲस्टन व्हिलाचा मेलबर्ग पहिला गोल करून गेला. ८४ व्या मिनिटाला नवख्या वॉलकॉटचा क्रॉस, आणि बरोबरीचा गोल गिल्बर्टोचा. म्हणजे त्या मैदानावर आर्सेनलच्या माणसाने केलेला पहिला लीग गोल ‘गोल न करणाऱ्याच्या’ नावावर आहे. त्या मोसमात हेन्री बरेचदा जायबंदी, तेव्हा कप्तानीही याच्याकडे आणि पेनल्टीही. लीगमध्ये १० गोल. टॉटनहॅमी, डिसेंबरात तुमच्याविरुद्ध दोन पेनल्टी मारल्या होत्या, आठवतंय?

---

टॉटनहॅमी

नाही आठवत. डॉक्टरांनी आठवायला मनाई केली आहे.

---

थेम्सकाठचा

हाहा.

मग २००७. हेन्री बार्सिलोनाला गेला. सगळ्यांना वाटलं पट्टा आता गिल्बर्टोचाच, तो उपकप्तान होताच. वेंगरने दिला बचावपटू गॅलासला. गिल्बर्टो त्या वेळी दक्षिण अमेरिकेच्या कोपा अमेरिका स्पर्धेत ब्राझीलचं नेतृत्व करून उशिरा परतला होता, तेवढ्यात फ्लामिनीने जागा पटकावली. वर्षभर बहुतेक बाकावर. त्याच मोसमात बर्मिंगहॅमला सामना बरोबरीत सुटल्यावर गॅलास मैदानातच बसकण मारून बसला, ते चित्र आठवत असेल. मला वेंगरबद्दल अतोनात आदर आहे, पण हा निर्णय चुकलाच. फ्लामिनी फॉर्मात होता हे कबूल, खेळवा त्याला. पट्टा देण्याचा आणि खेळवण्याचा संबंध नव्हता. वर्षाच्या शेवटी फ्लामिनीही गेला मिलानला आणि गिल्बर्टोही गेला. एकाच उन्हाळ्यात जागेचे दोन्ही मालक.

---

जुनाजाणता

कोपा अमेरिकाचा उल्लेख आलाच आहे तर, २००७ च्या त्या स्पर्धेत कप्तान असूनही अंतिम सामना त्याला खेळता आला नाही, कार्डांमुळे. ब्राझीलने अर्जेंटिनाला ३-० धुतलं आणि हा कडेला. प्रशिक्षक होता डुंगा. डुंगाला आपल्यासारखाच माणूस सापडला होता.

अवांतर : २००६ च्या वर्ल्डकपमध्येही एमर्सनच जायबंदी झाला आणि फ्रान्सविरुद्ध गिल्बर्टोला जागा मिळाली. या खेपेला मात्र झिदानच्या फ्रीकिकवर गोल करून घरी पाठवलं ते त्याच्याच क्लबातल्या हेन्रीने.

---

आडवातिडवा

माझा तिसरा मुद्दा सगळे टाळताहेत. २०१०.

डुंगाने गिल्बर्टो आणि फेलिपे मेलो असे दोन-दोन बचावाची माणसं मध्ये लावली. नेमार आणि गान्सोला घरी ठेवलं म्हणून अख्खा ब्राझील बोंबलत होता. गिल्बर्टो तेव्हा ३३ वर्षांचा. नेदरलँड्सविरुद्ध पूर्वार्धात १-० पुढे, आणि उत्तरार्धात सगळं कोसळलं. स्नायडरचे दोन गोल, मेलोला लाल कार्ड. धागाकर्त्याच्या तर्काने बघायचं तर दहा जण असताना पुन्हा इंग्लंडच्या सामन्यासारखं राखायला हवं होतं की नाही?

---

मधलीफळी

राखायचं काय, तेव्हा आपण पिछाडीवर होतो! २००२ ला लाल कार्ड मिळालं तेव्हा २-१ पुढे होतो. इथे मेलो गेला तेव्हा १-२. वाचवायला काही उरलंच नव्हतं.

पण तुमचा मूळ मुद्दा बरोबर आहे, २०१० चा गिल्बर्टो मंदावलेला होता. आधी ज्या जागी तो पोहोचून उभा असायचा, तिथे आता एक पाऊल उशिरा. मात्र त्या दिवशीचे दोन्ही गोल एक लांब क्रॉस आणि एका कॉर्नरवरून आले. पहिल्याला गोलकीपर ज्युलिओ सीझर आणि मेलो एकमेकांना धडकले. तिथे बचावाच्या मिडफिल्डरने काय करायचं? माझी तक्रार वेगळी आहे. डुंगाने दोन माणसं लावली, म्हणजे एकाच्या कामावर त्याचाच विश्वास नव्हता. स्कोलारीने एकावर भागवलं आणि उरलेल्यांना मोकळं सोडलं. दोघांमुळे बचाव दुप्पट होत नाही, आक्रमण मात्र एकाने कमी होतं.

---

आडवातिडवा

हे पटलं. शेवटचं वाक्य तर पुढच्या वेळी माझं म्हणून खपवणार.

तरी याच जागेवर खेळणारा फ्रान्सचा मकेलेले त्याच्यापेक्षा वरचढ होता हे नोंदवून ठेवतो.

---

पंचगंगाकाठी

मकेलेले आला का, आता दोनशे प्रतिसाद कुठं जात नाहीत.

आर्सेनल सोडल्यावर काय केलं पण त्यानं? आम्ही तिथून पुढं त्याला सोडूनच दिलेला.

---

थेम्सकाठचा

अथेन्सला पनाथिनाइकोस. २०१० ला तिथे लीग आणि कप दोन्ही जिंकले. आर्सेनलमध्ये एकूण २४४ सामने, २४ गोल करून गेला होता. ब्राझीलकडून ९३ सामने आणि ३ गोल. २०११ ला ग्रेमिओत परत, आणि शेवटी पुन्हा अॅटलेटिको मिनेइरो, जिथून वर्ल्डकपला गेला होता तिथेच.

---

जुनाजाणता

आणि ते शेवटचं वर्ष साधंसुधं नव्हतं! २०१३ ची लिबर्टाडोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा. अॅटलेटिकोने ती कधीच जिंकली नव्हती. संघात जो, बर्नार्ड, आणि रोनाल्डिन्हो. म्हणजे २००२ चे दोन विश्वविजेते एका ड्रेसिंग रूममध्ये, एकाचे फोटो रोज पेपरात, दुसरा बहुतेक बाकावर. उपउपांत्य फेरीत टिहुआनाविरुद्ध अगदी अखेरच्या क्षणी मिळालेली पेनल्टी गोलकीपर व्हिक्टरने पायाने अडवली, ती आजही बेलो होरिझोंटेत लोक सांगत असतील. अंतिम फेरीत ऑलिंपियाकडून पहिला सामना ०-२ हरले, मिनेइराओवर दुसरा २-० जिंकले आणि पेनल्टीवर कप घेतला. वर्ल्डकप आणि लिबर्टाडोरेस दोन्ही ज्यांच्याकडे आहेत अशांच्या यादीत गिल्बर्टो जाऊन बसला, कुणाच्या नकळत.

---

सासष्टीकर

अवांतर, तो मेंडोलिन वाजवतो हे कुणी लिहिलं नाही! आर्सेनलमध्ये असतानाही वाजवायचा. आमच्या गोव्याच्या बँडमध्ये सोलो गिटारवाला सगळ्यांना ठाऊक असतो, मेंडोलिनवाल्याचं नाव मला अजून कळलेलं नाही.

---

मेघना_पु

सामना बघितला. पूर्वार्धात मला वाटलं तुम्ही सगळे मिळून माझी थट्टा करताय, कारण तो खरंच काही करत नव्हता. लाल कार्डानंतर मात्र वेगळंच दिसायला लागलं. इंग्लंडवाले चेंडू घेऊन मध्यापर्यंत येतात, थांबतात, कडेला देतात, तिथून परत मागे. दरवेळी थांबतात ते साधारण त्याच जागी, आणि तिथे प्रत्येक वेळी तोच. शेवटच्या दहा मिनिटांत तर मी स्कोअर बघायचंच विसरले.

एक विचारायचं होतं. आताच्या ब्राझील संघात हे काम कासेमिरो करतो ना? त्याचा एखादा असाच सामना सांगा, पण कमी कंटाळवाणा.

---

आडवातिडवा

मेघनाताई, कासेमिरोवर वेगळा धागा काढा. तो दिसतो, म्हणून इथे बसत नाही. चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये गोल केलेला माणूस आहे तो. २०१७, कार्डिफ, युव्हेंटसविरुद्ध. तो लावा.

---

टॉटनहॅमी

कार्डिफलाच तर गिल्बर्टोने तो कम्युनिटी शील्डचा गोल मारला होता. मैदानही तेच, मिलेनियम.

हे मला आठवलं याचा मलाच राग येतोय.